मागल्या दाराचा इतिहास

जुन्या शहरांतील वाड्यांना दोन वाटा असत. पुढल्या दाराने पाहुणा येई. मागल्या बोळात, संडासाच्या खाली, एक झडप असे. ती उचलून पहाटे कोणीतरी टोपलीतील मैला काढी आणि डोक्यावरून गावाबाहेर नेई. नगरांचा इतिहास आपण पुढल्या दारानेच शिकतो. मीही वर्गात तो तसाच शिकवीत आलो. आज, श्रोतेहो, त्या बोळातून जाऊ या.

संडास घरोघर झाला की सर्वांची सारखी सोय झाली, असे आपण मानतो. पण ती सोय कोणाच्या डोक्यावर उभी आहे?

१९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला काढण्याचे काम तेथेही जात पाहूनच दिले जाई. ते आपल्याला द्यावे, अशी या ब्राह्मण सत्याग्रह्याने मागणी केली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी आपला आहार कमी केला. डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले व चौकशीचे आश्वासन मिळाल्यावर सोडले. काम टाळण्यासाठी रुसणारे पुष्कळ पाहिले. हे काम मिळावे म्हणून उपाशी राहणारा विरळा!

पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी अधिक खोल विचार केला. माणसाचे मन पालटले तरी टोपली उरतेच. तेव्हा संडासाची घडणच पालटली पाहिजे. मैला माती-पाल्याने झाकून त्याचे खत होऊ द्यावे, म्हणजे तो ताजा कोणाला उचलावा लागणार नाही. भंगीमुक्तीचा प्रश्न त्यांनी असा उपदेशाकडून गवंड्याकडे नेला, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

सरकारी पावले सावकाश पडली. मुंबई राज्याने, ज्यात तेव्हा बेळगाव व बडोदेही होते, १९४९ साली बर्वे समिती नेमली. डोक्यावरील पाटी बंद करून ढकलगाड्या द्याव्यात, असे सुचविले गेले. गाडी आली तेथे डोके सुटले, हात मात्र तेच राहिले. १९५७ साली केंद्राने मलकानी समिती नेमली.

१९७० साली बिहारमध्ये बिंदेश्वर पाठकांनी सुलभ संस्थेचे काम सुरू केले व दोन खड्ड्यांच्या संडासाचा प्रसार केला. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिल्यातील मैल्याचे सुमारे दोन वर्षांत कोरडे खत होते. टोपलीच्या संडासावर कायद्याने बंदी आली ती १९९३ साली.

तोवर शहरांत भुयारी गटारे व मैल्याच्या बंद टाक्या वाढल्या होत्या. बोळातील झडप गेली, रस्त्यावर लोखंडी झाकण आले. आणि त्याखाली विषारी वायूने गुदमरून माणसे मरू लागली. साधनांवाचून गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. १९९३ पासून अशा मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. २०२३ साली त्याच न्यायालयाला ती रक्कम ३० लाख करावी लागली. मृत्यू थांबले नव्हते.