गणितात सूट मिळाली, शिकवायचं राहिलं

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की बदलापूर-अंबरनाथच्या पालकांत एक प्रश्न फिरतो : "गणितातून सुटायचं सर्टिफिकेट कुठे मिळतं हो?"

या सवलती १९९६च्या. त्या वर्षी राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ दिला, शुद्धलेखनाच्या चुका माफ केल्या, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घ्यायची मुभा दिली. मोठं काम होतं ते. केंद्राच्या १९९५च्या अपंग कायद्यात ही मुलं नव्हतीच, ती आली थेट २०१६च्या कायद्यात.

पण हे सगळं परीक्षेपुरतं. सात वर्षांच्या पोराला ८ मोठे की ५, हेच चटकन उमगत नसेल तर त्याला शिकवायचं कसं?

त्यावर २००६मध्ये पॅरिसच्या स्टॅनिस्लास देहान आणि अ‍ॅना विल्सन यांनी 'द नंबर रेस' हा कॉम्प्युटर गेम काढला, तोही फुकट. दोन ढिगांतला मोठा ढीग पटकन निवडायचा, तेवढी घरं पुढे जायचं. मूल अडखळलं की गेम स्वतःच सोपा होतो. सात ते नऊ वर्षांची नऊ मुलं पाच आठवडे खेळली. वजाबाकी चांगली सुधारली. बेरीज नाही, आणि दशक-एककाची समजही नाही.

नेमकं तिथेच आपलं मूल अडतं! 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी, लिहिताना पाच आधी. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे ५९. उल्हासनगरच्या कॅम्पात घरी सिंधी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. पहिल्या दोन्हींत तीन आधी, इंग्रजीत पन्नास आधी.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर कारण समजावत राहिल्या : मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. आपण काय केलं? विनोद फॉरवर्ड केले. विधानसभेतही कोट्या झाल्या. ज्या मुलांना याचा सर्वात जास्त उपयोग, त्यांचं नाव त्या गदारोळात क्वचितच कोणी काढलं.

उद्या कुणी मराठीत असा गेम करायला बसलं, तर पडद्यावर ५३ आल्यावर आतला आवाज काय म्हणणार, हे आधी ठरवावं लागेल. त्रेपन्न, की पन्नास तीन?