लहान मुलासह कोकण किनाऱ्यावर : बाहेर जेवताना काय पाहावे?

सुट्ट्या लागल्या की आपली अनेक कुटुंबं मुरुड, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरीकडे निघतात. राहण्याचं ठिकाण महिनाभर आधी ठरतं, पण एक ते पाच वर्षांचं मूल काय जेवणार, हे तिथे पोहोचल्यावर आठवतं. म्हणून आम्ही इथे कामाच्या गोष्टी एकत्र देत आहोत.

वेळ : घरगुती खाणावळीत बहुधा ऑर्डर दिल्यावरच जेवण बनतं. गर्दीच्या दिवशी तासभर सहज जातो, आणि मुलाची भूक तेवढी थांबत नाही. सकाळीच फोन करून ऑर्डर द्यावी. मुलासाठी मऊ भात, साधं वरण किंवा बिनतिखटाचा मासा वेगळा सांगावा. मसाला शिजल्यावर तिखट कमी करता येत नाही. पिशवीत केळी आणि उकडलेले बटाटे असू द्यावेत.

हलाल : मांसाहार हलाल आहे का, तव्याचं आणि तळणाचं तेल वेगळं आहे का, हे आधीच विचारावं. माशाला जबीहाची अट नाही. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई आहेत, त्यांच्याकडे तिसऱ्या चालतात. हनफी घरांत या चालत नाहीत आणि कोळंबीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहे. दोन्हीकडचे नातेवाईक सोबत असतील तर ऑर्डर देण्याआधीच बोलून घ्यावं.

मासा : पापलेट किंवा सुरमईचा तुकडा मुलांना बरा, बांगडा आणि तारलीत बारीक काटे जास्त. मासा मोठ्यांनी बोटांनी चाचपून द्यावा. कोळंबी आयुष्यात पहिल्यांदा सहलीत देऊ नये. ॲलर्जी उमटली तर दवाखाना लांब असू शकतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा मासा ताजा की बर्फातला, हे विचारावं. उन्हात राहिलेल्या बांगड्यात किंवा सुरमईत तयार होणारं विष शिजवूनही जात नाही.

काटा अडकला तर : भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देऊ नये, त्याने काटा आणखी रुतू शकतो. घशात बोटही घालू नये. मुलाला शांत ठेवून डॉक्टरांकडे न्यावं. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच 108 वर फोन करावा.

पाणी आणि चौपाटी : बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरची चटणी टाळावी. समोर फोडलेलं शहाळं चांगलं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलांना नकोत, घशात अडकतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये.

जुलाब लागले तर : ओआरएसची दोन-तीन पाकिटं सोबत ठेवावीत. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच घालावं. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासात मिसळू नये. हे पाणी 24 तासांनंतर फेकून द्यावं. अंगावरचं दूध चालू ठेवावं. कोल्ड्रिंक हा पर्याय नाही. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त गेलं तर दवाखाना गाठावा.

मोठ्यांचा दस्तरखान तासभर उशिरा पसरला तरी सहल बिघडत नाही. मुलाचं ताट मात्र वेळेवर यायला हवं.