डिजिटल संगीतसंग्रह : नाव, स्थान आणि अधिकार
(१९९२ ते २०२१ या कालखंडाचा ऐतिहासिक आढावा)

प्रास्ताविक

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मेणाचे नळकांडे, लाखेची तबकडी, फीत, कॅसेट, सीडी आणि शेवटी संगणकातील फाइल असा तो क्रम सांगितला जातो. प्रत्येक नवे साधन आधीच्या साधनापेक्षा अधिक टिकाऊ व अधिक सोयीचे ठरले, असा या मांडणीचा सूर असतो. या प्रवासात श्रोत्याने आणि संग्राहकाने काय गमावले, याचा विचार मात्र अभावानेच आढळतो.

तबकडी फुटते, कॅसेटची फीत गुंतते, सीडीवर ओरखडे पडतात. ही हानी डोळ्यांना दिसते आणि तिचे कारणही कळते. डिजिटल संग्रहाची हानी वेगळ्या स्वरूपाची आहे. कधी यादीत गाण्याचे नाव दिसते, पण गाणे वाजत नाही. कधी गाणे वाजते, पण ते कोणाचे हे कळत नाही. तर कधी नाव व गाणे दोन्ही जागेवर असूनही ते वाजविण्याची परवानगी उरलेली नसते. या तीन प्रकारांना अनुक्रमे स्थानाचा, नावाचा आणि अधिकाराचा लोप म्हणता येईल. तबकडीत ध्वनी, नाव व मालकी या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत एकवटलेल्या होत्या. डिजिटल व्यवस्थेत त्या परस्परांपासून सुटल्या आणि संग्राहकाची हानी या विलगीकरणातून उद्भवली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. ध्वनी वस्तूपासून वेगळा झाला

सीडीवरील ध्वनी सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट इतक्या माहितीतून साकारतो. चार मिनिटांच्या एका गाण्याला त्यामुळे ४० मेगाबाइटहून अधिक जागा लागते. १९९० च्या दशकातील घरगुती संगणकांची साठवणक्षमता पाहता असा संग्रह करणे अशक्यप्राय होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कानाच्या मर्यादांचा उपयोग करून घेतला. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा सूक्ष्म ध्वनी वगळला, तरी श्रोत्याला तो सहसा जाणवत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. १९९२ मध्ये या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय मानकात समावेश झाला आणि जुलै १९९५ मध्ये तिच्या फाइलींसाठी ‘एमपी३’ हे नामाभिधान निश्चित झाले. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रमाणात तेच गाणे सुमारे ४ मेगाबाइटमध्ये मावू लागले.

१९९७ मध्ये ‘विनअ‍ॅम्प’ ही वादक-आज्ञावली आली आणि १९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ने अनोळखी व्यक्तींमध्ये गाण्यांची देवाणघेवाण सुरू केली. स्वामित्वहक्काच्या खटल्यामुळे २००१ मध्ये नॅपस्टरची ही सेवा बंद पडली. तोपर्यंत सामान्य श्रोत्याच्या संगणकात शेकडो, क्वचित हजारो गाणी जमा झाली होती. गाणे मिळविणे सोपे झाले होते. मिळविलेले गाणे पुन्हा सापडणे ही नवी अडचण होती.

२. नावाचा प्रश्न

ध्वनीला नाव जोडण्याची गरज नवी नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्या काळी भारतातील ध्वनिमुद्रणे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविली जात. गाण्याच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत असे, जेणेकरून भाषा न जाणणाऱ्या कारागिरांनाही ध्वनिमुद्रण कोणाचे हे कळावे. नाव ध्वनीतच कोरले गेले होते. कागदी लेबल निघून गेले तरी ते नाव आजही ऐकू येते.

एमपी३ च्या मूळ रचनेत मात्र गाण्याच्या नावासाठी जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडण्याची युक्ती काढली. ‘आयडी३’ या नावाने ती प्रचलित झाली. शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३० अक्षरे, वर्षाला ४ अक्षरे, टिपणीला ३० अक्षरे आणि संगीतप्रकारासाठी एक बाइट अशी तिची वाटणी होती. संगीतप्रकारांच्या मूळ यादीत ८० नावे होती. त्यांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या कितीतरी उपशाखा होत्या. ख्याल, ठुमरी, अभंग वा नाट्यगीत यांना स्थान नव्हते.

मराठी संग्राहकाची अडचण येथे स्पष्ट होते. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ (१९११) या नाटकातील पदाला नाटककार, संगीतकार, मूळ गायक, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणातील गायक, राग आणि ताल अशा अनेक ओळखी असतात. ‘कलाकार’ हा एकच रकाना असल्यास तेथे बालगंधर्वांचे नाव लिहावे, गोविंदराव टेंबे यांचे लिहावे की पद नव्याने गाणाऱ्याचे, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने दिले. शास्त्रीय गायनाच्या बाबतीत रागाचे नाव शीर्षकात गेले आणि बंदिशीचे नाव हरवले, किंवा याच्या उलट झाले. शिवाय आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी लिपीची सोय नव्हती. त्या काळातील मराठी संगणकलेखन युनिकोडपूर्व फाँटांवर विसंबून होते आणि एका फाँटातील मजकूर दुसऱ्या फाँटात निरर्थक चिन्हांसारखा दिसे. परिणामी मराठी गाण्यांची नावे रोमन लिपीत गेली आणि एकाच गायकाची दोन-तीन वर्णलेखने दोन-तीन स्वतंत्र गायक म्हणून नोंदली गेली.

सीडीवरून संगणकात उतरविलेल्या गाण्यांची कथाही अशीच आहे. बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे अंकित नसतात. संगणक गाण्यांच्या लांबीवरून सीडीचा एक क्रमांक तयार करतो आणि इंटरनेटवरील ‘सीडीडीबी’सारख्या सूचीतून नावे मागवितो. ही सूची आरंभी हौशी श्रोत्यांनी स्वेच्छेने भरली. पुढे ती खासगी कंपनीच्या मालकीची झाली. तिला पर्याय म्हणून उभी राहिलेली ‘फ्रीडीबी’ ही मुक्त सूची २०२० मध्ये बंद पडली. थोडक्यात, गाणे संग्राहकाच्या घरी आणि त्याचे नाव दुसऱ्याच्या दारी, अशी स्थिती निर्माण झाली.

३. स्थानाचा प्रश्न

अ‍ॅपल कंपनीने २००० मध्ये ‘साउंडजॅम एमपी’ ही आज्ञावली विकत घेतली आणि तिच्या आधारे ९ जानेवारी २००१ रोजी ‘आयट्यून्स’ प्रसृत केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५ गिगाबाइट क्षमतेचा ‘आयपॉड’ आला. त्यात हजार गाणी मावत असल्याची जाहिरात होती. २००३ मध्ये विंडोजवर चालणारी आवृत्ती निघाली आणि ‘संगीत-ग्रंथालय’ ही कल्पना जगभर रूढ झाली.

ही कल्पना क्रांतिकारक होती, कारण तिने व्यवस्थेचा अधिकार संग्राहकाकडून आज्ञावलीकडे नेला. पूर्वी संग्राहक स्वतः फोल्डर करीत असे. कोणते गाणे कोठे आहे हे त्याला ठाऊक असे. आता गाण्यांचा पत्ता, आवडीचे तारांकन, किती वेळा ऐकले याची नोंद आणि निवडक गाण्यांच्या याद्या हे सारे एका स्वतंत्र नोंदवहीत, म्हणजे आज्ञावलीच्या सूचीफाइलीत, साठविले जाऊ लागले. फोल्डर हलविला, डिस्कचे नाव बदलले किंवा संगणक बदलला, की नोंदवहीतील पत्ता चुकीचा ठरे. गाण्यासमोर उद्गारचिन्ह उमटे. फाइल डिस्कवर सुरक्षित असली तरी ग्रंथालयाच्या लेखी ती हरवलेली असे. याउलट नोंदवही बिघडली, तर गाणी शाबूत राहूनही वर्षानुवर्षांची निवड व क्रमवारी नष्ट होई. ग्रंथपालाच्या भाषेत सांगायचे तर पुस्तके कपाटात होती, परंतु तालिका जळाली होती.

आयपॉडमध्ये हा दुरावा अधिक तीव्र झाला. त्यातील गाणी अदृश्य फोल्डरांत, चार अक्षरांच्या अर्थहीन नावांनी विखरून ठेवली जात. गाणी संगणकाकडून आयपॉडकडे जात. उलट दिशेने नेण्याची सोय आज्ञावलीत सामान्यतः नव्हती. घरचा संगणक निकामी झाल्यावर आयपॉड नव्या संगणकाला जोडला, तर आधीची गाणी पुसून नवा संग्रह भरावा काय, असा प्रश्न पडद्यावर येई. एकमेव उरलेली प्रत अशा रीतीने अनवधानाने पुसली जाण्याचा धोका होता.

आज्ञावलीतील दोषांनीही हानी केली. नोव्हेंबर २००१ मध्ये आयट्यून्सची दुसरी आवृत्ती मॅक ओएस एक्सवर स्थापित करताना, डिस्कच्या नावात मोकळी जागा असल्यास काही संगणकांवरील संपूर्ण माहिती पुसली गेली. कंपनीने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन सुधारित आवृत्ती दिली. गेलेल्या फाइली मात्र परत आल्या नाहीत.

४. अधिकाराचा प्रश्न

२८ एप्रिल २००३ रोजी अ‍ॅपलने संगीतविक्रीचे ऑनलाइन दुकान सुरू केले. आरंभी २ लाख गाणी प्रत्येकी ९९ सेंटला उपलब्ध होती. विकलेल्या फाइलींना ‘फेअरप्ले’ नावाचे हक्क-कुलूप होते आणि ती ठरावीक संख्येच्या संगणकांवरच वाजत. श्रोत्याने गाणे विकत घेतले अशी भाषा वापरली गेली. प्रत्यक्षात त्याला सशर्त परवाना मिळाला होता.

या फरकाचा अर्थ २००८ मध्ये उघड झाला. मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएसएन म्युझिक’ने २००६ मध्येच विक्री थांबविली होती. एप्रिल २००८ मध्ये तिने जुन्या ग्राहकांना कळविले, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या दिल्या जाणार नाहीत. म्हणजे ग्राहकाने संगणक बदलला, की पैसे मोजून घेतलेली गाणी मुकी होणार होती. तीव्र विरोधानंतर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षी याहूने आणि वॉलमार्टनेही किल्ल्यांची व्यवस्था बंद करण्याचे जाहीर केले. वॉलमार्टने ग्राहकांना गाणी सीडीवर उतरवून घेण्याचा सल्ला दिला आणि नंतर तो निर्णय स्थगित केला. जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने आपली गाणी कुलूपमुक्त करण्याचे जाहीर केले. आधी घेतलेले गाणे मुक्त करून घेण्यासाठी मात्र प्रत्येकी ३० सेंट द्यावे लागत.

भारतातील एक उदाहरण या संदर्भात तुलनेस घेण्याजोगे आहे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे संगीतविक्रीचे दुकान सुरू केले आणि जून २०१३ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, ते बंद केले. परंतु तेथील एमपी३ फाइलींना हक्क-कुलूप नव्हते. ज्या ग्राहकांनी त्या उतरवून जपल्या, त्यांची गाणी दुकान मिटल्यानंतरही वाजत राहिली. दुकानाचे आयुष्य आणि गाण्याचे आयुष्य यांची फारकत करणे शक्य होते, हे या अल्पजीवी प्रयोगाने दाखविले.

५. दूरस्थ साठ्याचे आश्वासन

२०१० नंतर गाणी कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर ठेवण्याची पद्धत वाढली. आपला संगणक बिघडला तरी संग्रह सुरक्षित राहील, हे तिचे आश्वासन होते. अ‍ॅपलने २०११ मध्ये ‘आयट्यून्स मॅच’ आणि जून २०१५ मध्ये ‘अ‍ॅपल म्युझिक’ ही सेवा आणली. स्वतःच्या संगणकावरील फाइली नाहीशा झाल्याच्या काही ग्राहकांच्या तक्रारी मे २०१६ मध्ये कंपनीने मान्य केल्या. कारण निश्चित न करता आल्याने अतिरिक्त सुरक्षा-उपाय असलेली सुधारित आवृत्ती दिली. २०१९ मध्ये मॅक संगणकांवरील आयट्यून्सचे विभाजन करण्यात आले. गूगल प्ले म्युझिकवर श्रोत्यांना स्वतःची ५० हजार गाणी ठेवता येत. ही सेवा २०२० मध्ये बंद झाली. गाणी अन्य सेवेत हलविण्याची मुभा होती, पण फेब्रुवारी २०२१ नंतर ती मागे उरलेली माहिती कायमची पुसली जाईल असे सांगण्यात आले.

सर्वांत मोठी हानी ‘मायस्पेस’ची होय. मार्च २०१९ मध्ये उघड झाले, की संगणक-स्थलांतरात २००३ ते २०१५ या काळातील संगीत नष्ट झाले. १ कोटी ४० लाख कलाकारांची सुमारे ५ कोटी गाणी त्यात होती असा अंदाज व्यक्त झाला. पुढील महिन्यात ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने एका अभ्यासगटाने पूर्वी उतरवून ठेवलेली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी खुली केली. हे प्रमाण जेमतेम १ टक्का भरते. वाचलेला अंश कंपनीमुळे वाचला नाही. अन्यत्र प्रत होती म्हणून वाचला.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) डिजिटल संगीताची हानी केवळ यंत्र बिघडल्याने होत नाही. ध्वनी, त्याचे वर्णन व वापराचा अधिकार वेगवेगळ्या हाती गेल्याने ती होते.

२) सोय आणि ताबा यांचे नाते व्यस्त राहिले आहे. आज्ञावलीने जितकी व्यवस्था स्वतःकडे घेतली, तितके संग्राहकाचे स्वतःच्या संग्रहाविषयीचे ज्ञान कमी झाले.

३) वर्णनाचे रकाने सांस्कृतिकदृष्ट्या तटस्थ नसतात. पाश्चात्त्य अल्बमसाठी घडविलेल्या साच्यात मराठी नाट्यसंगीत व हिंदुस्थानी ख्याल यांची ओळख अपुरी राहिली.

४) एकाहून अधिक ठिकाणी, कुलूपमुक्त व सर्वज्ञात स्वरूपात ठेवलेली प्रत हाच आजवर टिकलेला उपाय आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. स्नेहसंमेलने, व्याख्यानमाला आणि संगीतसभा यांच्या कॅसेटी संगणकात उतरविल्या, की जतनाचे काम पूर्ण झाले असे मानण्याची प्रवृत्ती दिसते. वस्तुतः ते तेथून सुरू होते. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या अभ्यासकांनी तबकड्यांसोबत त्यांचे क्रमांक, लेबले व सूची यांनाही तितकेच मोल दिले. हीच शिस्त डिजिटल संग्रहाला लावणे आवश्यक आहे. गायक, रचनाकार, राग, स्थळ व दिनांक यांची युनिकोड देवनागरीतील नोंदवही कोणत्याही वादक-आज्ञावलीपासून स्वतंत्र असावी, तिची छापील प्रत ग्रंथालयात असावी आणि दरवर्षी प्रत्येक प्रत वाजवून पाहिली जावी. मूळ कॅसेट टाकून देण्याची घाई करू नये. गौहर जान यांचे नाव शतकानंतरही ऐकू येते, कारण ते गाण्यापासून वेगळे काढता येत नाही. आजच्या ध्वनिमुद्रणांना तशी स्वाभाविक जोड लाभलेली नाही. ती जाणीवपूर्वक द्यावी लागेल आणि ते उत्तरदायित्व संग्रह करणाऱ्या संस्थेचेच आहे.