मेथीची जुडी आणि उंदरांचं औषध

आज रणांगणावर नाही, स्वयंपाकघरात जाऊ.

माझ्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, तेव्हापासून रक्तात गुठळी होऊ नये म्हणून मी वॉरफरिनची गोळी घेतो. गेल्या थंडीत देहरादूनच्या बाजारात सरसों, पालक, मेथी स्वस्त झाली आणि आमच्याकडे रोज पालेभाजी सुरू झाली. तपासणीत नेहमी २.६ च्या आसपास असणारा आयएनआर १.४ वर उतरला. म्हणजे पक्षाघाताचा धोका वाढला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कर्नलसाहेब, जेवणात काय बदललं?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. १९२० च्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली की रक्त थांबेचना. दोष निघाला 'स्वीट क्लोव्हर' या चाऱ्याच्या बुरशी आलेल्या वाळल्या गवताचा. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा कॅन घेऊन मॅडिसनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. काही वर्षांच्या खटपटीनंतर लिंक यांच्या सहकाऱ्यांनी ते घातक द्रव्य वेगळं केलं. ते डायकुमारॉल. त्याचंच भावंड वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं, तेही उंदीर मारायला!

१९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका जवानाने ते विष घेतलं. त्याला 'के' जीवनसत्त्व दिलं आणि तो पूर्ण बरा झाला. उतारा हाताशी आहे हे कळल्यावर डॉक्टरांचा धीर वाढला. पुढे औषध म्हणून मान्यता मिळाली. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही वॉरफरिन दिलं गेलं.

आणि तोच उतारा आमच्या ताटात वाढलेला होता! पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर. ते अचानक वाढलं की गोळीचा जोर कमी होतो. भाजी एकदम बंद केली की जोर वाढून रक्तस्रावाची भीती.

म्हणून मेथी सोडू नका. फौजेत रेशन ठरलेलं असतं, तसं पालेभाजीचं प्रमाण आठवडाभर सारखं ठेवा. गोळीचा डोस मात्र डॉक्टरच ठरवतील. आणि पुढच्या तपासणीला जाताना फाइलबरोबर जेवणाची वहीही न्या. मी नेतो.

जय हिंद.