आउअरबाख, एरिख

(९ नोव्हेंबर १८९२–१३ ऑक्टोबर १९५७). रोमान्स साहित्याचा जर्मन अभ्यासक व समीक्षक. जन्म बर्लिनमधील ज्यू कुटुंबात. कायद्याची डॉक्टरेट आणि पहिल्या महायुद्धातील लढाई आटोपून तो साहित्याकडे वळला. दान्तेवरील ग्रंथानंतर (१९२९) मारबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. नाझी राजवटीने १९३५ मध्ये ते पद काढून घेतले. १९३६ ते १९४७ इस्तंबूलमध्ये वास्तव्य. ‘मिमेसिस’ (१९४६) तेथेच लिहिला गेला. एकेक उतारा घेऊन, त्याची वाक्यरचना उलगडत होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंतच्या वास्तवचित्रणाचा माग काढण्याची त्याची रीत अजोड आहे. इस्तंबूलमध्ये संदर्भग्रंथांची वानवा होती. ती नसती तर हा ग्रंथ कदाचित झालाच नसता, अशी कबुली त्याने स्वतःच दिली. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात अध्यापन. कनेक्टिकटमधील वॉलिंगफर्ड येथे निधन.