चांदीवरची ‘सही’

मराठीतला ‘सही’ हा शब्द अरबी ‘सहीह’वरून आला, म्हणजे बरोबर, खरे. उस्मानी काळातल्या चांदीच्या भांड्यावर हाच शब्द त्याच्या आखूड रूपात सापडतो. मकतबात कायदा शिकलेल्या कुणालाही तो वाचता येईल : साद आणि हे, ‘सह्ह’. चांदी तपासली, खरी निघाली, एवढाच त्याचा अर्थ. भांडे कुणी घडवले हे मात्र ही ‘सही’ सांगत नाही.

तिच्या शेजारी सुलतानाचा तुगरा असतो. आपल्याकडे भिंतीवर टांगलेल्या आयतीच्या फ्रेमलाही तुगरा म्हणतात, पण मूळ तुगरा म्हणजे सुलतानाची नाममुद्रा : वर तीन उभे दांडे, डावीकडे एकात एक दोन वळसे आणि खाली सुलतानाचे व त्याच्या वडिलांचे नाव. नाव लागले की काळ लागतो. अब्दुल मजीद असेल तर 1839 ते 1861, अब्दुल अझीझ असेल तर 1876 पर्यंत, त्यानंतर दुसरा अब्दुल हमीद, 1909 पर्यंत. शेवटच्याच्या तुगऱ्यात उजवीकडे ‘अल-गाझी’ असे वेगळे लिहिलेले असते. नक्कल करणारे अशा बारकाव्यांतच चुकतात. बऱ्याच भांड्यांच्या तळाशी नागमोडी ओरखडाही दिसतो. तो अपघाताने पडलेला नाही. तपासणीसाठी तिथून चांदीचा कीस काढलेला असतो. तुर्कीत त्याला ‘चेश्नी’ म्हणतात, आपल्या पाकाची चाशनी ज्या फारसी शब्दापासून आली त्याच शब्दावरून.

म्हणजे सुलतान कळला, कस कळला. कारागीर?

त्याची खूण शोधावी लागते, आणि अनेकदा ती नसतेच. असली तर एका लहानशा चौकटीत अरबी लिपीतले नाव असते, किंवा आर्मेनियन लिपीतली अक्षरे. उस्मानी सोनार-चांदीकारांत आर्मेनियन ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. त्यांच्या खुणा जुळवायच्या तर गारो क्युर्कमान यांचे उस्मानी चांदीच्या ठशांवरचे 1996 सालचे पुस्तक हाताशी लागते.

सर्वांत बोलके उदाहरण पूर्वेकडच्या व्हान शहराचे. तिथले कारागीर चांदीवर नक्षी कोरत आणि त्या खाचांत चांदी, तांबे, शिसे व गंधक यांचे काळे मिश्रण वितळवून भरत. या कामाला ‘सवाद’ म्हणतात. कमरपट्टे, सिगारेटच्या डब्या, काठ्यांच्या मुठी त्यांनी घडवल्या. त्यांवर व्हानचा किल्ला कोरलेला असे. अशा वस्तूवर बोटाच्या पेराएवढ्या जागेत तुगरा, ‘सह्ह’, अरबी अक्षरांत ‘वान’ आणि कारागिराचे नाव, सगळे एकत्र सापडू शकते.

1915 च्या एप्रिलमध्ये व्हानमध्ये लढाई पेटली. त्याच वर्षी साम्राज्यभर आर्मेनियनांची हकालपट्टी आणि कत्तल झाली. व्हानमधले जे वाचले ते रशियन सैन्याबरोबर कॉकेशसकडे गेले. जुन्या शहराचे ढिगारे उरले.

हे लिहिताना मला आपल्याकडचा खिलाफतीचा काळ आठवतो. 1919 मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली, भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही आहे. उस्मानी खलिफाविषयी आपल्या वाडवडिलांना वाटणारी आस्था खरी होती, ब्रिटिशांविरुद्धचा त्यांचा रागही खरा होता. पण त्या तुगऱ्याखाली बसून चांदी घडवणाऱ्यांचे काय झाले, हे आपल्या घरांत सहसा बोलले गेले नाही. आता तरी बोलायला हवे, असे मला वाटते.

लिलावाच्या यादीत अशी वस्तू अनेकदा ‘तुर्की चांदी, अब्दुल हमीदचा तुगरा’ एवढ्यावर भागवली जाते. भिंग घेऊन तुगऱ्याच्या आसपास थोडे आणखी पाहिले, तर एखाद्या ठशात आर्मेनियन अक्षरे दिसतात. त्या लिपीत अडतीस अक्षरे आहेत, चार दिवसांत ओळखीची होतात.