धानाच्या पुड्या आणि सहीचा कागद



आज माझ्या आवाजामागे जी घरघर ऐकू येते आहे, तो माइकचा दोष नाही. आमच्या सिलतऱ्याची भट्टी चालू आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलात की शहर मागे पडता पडता सिलतरा येतं. लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट लांबलचक फिरत्या भट्टीत घालून इथे स्पंज आयर्न तयार करतात. भट्टीला रविवार नसतो. सकाळी अंगणात चादर वाळत घातली, की दुपारी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. आणि कारखान्याची भिंत संपली, की लगेच धानाची बांधी सुरू होते. शेवटी हा धानाचा कटोराच आहे.

मी मूळचा भंडाऱ्याचा. आमच्याकडेही धानच. पऱ्हे, रोवणी, चिखल, सगळं तेच. त्यामुळे छत्तीसगड मला परका कधी वाटला नाही. माझा भाचा इथे शेतकीचं शिक्षण घेतो. परवा जेवताना तो म्हणाला, "मामा, आमचे एक सर सांगतात की शास्त्रज्ञाने तटस्थ राहावं, राजकारणात पडू नये. बरोबर ना?" मी पटकन हो म्हटलं. मग रात्री झोप येईना. कारण ज्या शहरात तो शिकतो, त्याच रायपुरात या प्रश्नाचं एक मोठं उत्तर घडून गेलं आहे. आजची गोष्ट त्याची. आणि शेवटी थोडी माझी.

गोष्ट आहे डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांची. केंब्रिजहून डॉक्टरेट घेतलेला हा माणूस १९५९ मध्ये कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचा संचालक झाला. ही संस्था १९४६ ची. बंगालच्या दुष्काळाने देश हादरला होता, त्यातून ती उभी राहिली. म्हणजे तिच्या जन्मापासूनच भाताचा प्रश्न हा निव्वळ वनस्पतीशास्त्राचा प्रश्न नव्हता. भात कमी पडला की माणसं मरतात आणि सरकारं हलतात.

१९६० मध्ये फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकी प्रतिष्ठानांच्या पैशावर फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या बुटक्या, भरपूर खत पचवणाऱ्या जाती जगभर जाऊ लागल्या. तैवानची तायचुंग नेटिव्ह १ ही जात आली. १९६६ मध्ये आयआर ८ आली. आपल्याकडे त्याच वेळी काय चाललं होतं? १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. १९६६ मध्ये आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं. बहुतेक अमेरिकेचा गहू. माझी आई त्या लाल गव्हाच्या पोळीची आठवण काढायची, तेव्हा तिचा चेहरा वाकडा व्हायचा.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. नव्या जाती ज्यांनी आणल्या, ते खलनायक होते असं समजू नका. त्यांच्यासमोर रिकामी कोठारं होती. उशीर झाला तर काय होईल, हे त्यांना दिसत होतं. रिछारियांना दुसरं काही दिसत होतं. बाहेरच्या बियाण्याबरोबर बाहेरचे रोगही येतील, आणि या जाती इथल्या रोगकिडींपुढे टिकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. नीट तपासणी झाल्याशिवाय बियाणं शेतकऱ्याच्या हाती देऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. हे काही राजकीय भाषण नव्हतं. भाताच्या संस्थेच्या प्रमुखाने भाताबद्दल दिलेलं मत होतं. पण सरकारचा निर्णय झाला होता. निर्णय झाल्यावर दिलेलं मत हे मत राहत नाही, तो अडथळा होतो. १९६६ च्या सुमारास रिछारियांना सक्तीने निवृत्त करण्यात आलं.

ते ओडिशाच्या उच्च न्यायालयात गेले. तीनेक वर्षं लढले. घराची ओढाताण झाली, मुलांच्या शिक्षणाचे हाल झाले. १९७० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दरम्यान शेतातही एक निकाल लागत होता. तायचुंग नेटिव्ह १ जिवाणूजन्य करप्याला आणि टुंग्रो रोगाला सहज बळी पडते, हे तोवर अनेक शेतकऱ्यांनी आपल्या बांधावरून पाहिलं होतं.

आता यात तटस्थ कोण होतं? ज्यांनी मान डोलावली ते तटस्थ, आणि जो नको म्हणाला तो राजकारणी? आपल्याकडे हिशेब असाच मांडला जातो. होकाराला कोणी राजकारण म्हणत नाही. नकार मात्र लगेच राजकारण ठरतो.

त्यानंतर रिछारिया रायपुरात आले. मध्य प्रदेश सरकारचे सल्लागार म्हणून त्यांनी इथे राज्याची तांदूळ संशोधन संस्था चालवली. गोव्यात राहणारे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी १९८६ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त त्यांच्यावर मोठा लेख लिहिला. त्यात या संस्थेचा थाट दिला आहे: वर्षाला वीस हजार रुपये, दोन कृषी पदवीधर आणि सहा ग्रामसेवक. एवढ्या माणसांनी छत्तीसगडची गावं पालथी घातली. कोणाच्या कोठीतून मूठभर, कोणाच्या खळ्यातून मूठभर, असं करत सतरा हजारांवर नमुने जमले. प्रत्येक पुडीवर गाव, जात, दाणा, वास, पिकायला लागणारे दिवस. पाणी साचणाऱ्या खोलगट बांधीसाठी वेगळं धान, उंचावरच्या मुरमाड जमिनीसाठी वेगळं. सणाला वेगळं, पोह्याला वेगळं. शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांत निवडलेली ही विद्या होती. रिछारियांनी तिची नोंद केली, आणि या जातींपैकी आठ-नऊ टक्के जाती अधिक उत्पादन देणाऱ्या म्हणाव्यात अशा आहेत, हे आकड्यांत मांडलं.

फिलिपिन्सच्या संस्थेला हा साठा हवा होता. रिछारियांनी आधी अभ्यास पुरा होऊ द्या म्हणून नकार दिला. पुढे सत्तरच्या दशकातच राज्याची ती संस्था बंद झाली आणि साठा जबलपूरच्या कृषी विद्यापीठाकडे गेला. अल्वारिस लिहितात की जागतिक बँकेच्या चार कोटींच्या मदतीला ही संस्था बंद करण्याची अट होती. कारण काय, तर कामाची पुनरावृत्ती नको. वीस हजारांची संस्था कोणाच्या कामाची पुनरावृत्ती करत होती, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

हे एकट्या रिछारियांचं दुखणं होतं का? नाही. १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. विनोद शाह यांनी आपलं जीवन संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी बढत्यांमधल्या अन्यायाबद्दल आणि वरिष्ठांना रुचेल अशी माहिती पुरवली जाण्याबद्दल लिहिलं होतं. संसदेत गदारोळ झाला. चौकशीसाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष आपले साताऱ्याचे, माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. त्यानंतर १९७३ मध्ये कृषी शास्त्रज्ञांच्या निवडीसाठी स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आलं. उपाय काय निघाला, त्याकडे बघा. शास्त्रज्ञांनी तोंड बंद ठेवावं, असा तो नव्हता. शास्त्रज्ञाची नेमणूक आणि बढती साहेबाच्या मर्जीतून सोडवा, असा होता. तटस्थता ही नुसत्या माणसाच्या स्वभावावर सोडायची गोष्ट नाही. ती संस्थेच्या घडणीत बसवावी लागते.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी? गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणारा गणिती. १९४६ पासून होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. ते जागतिक शांतता चळवळीत वावरले. अणुऊर्जेपेक्षा भारताने सूर्याच्या उर्जेकडे बघावं, असं उघड बोलत राहिले. तेही कुठे, तर देशाच्या अणुकार्यक्रमाच्या शिल्पकाराच्या संस्थेत बसून! १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही. त्यामागे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. रीमान गृहीतकाच्या त्यांच्या सिद्धतेत चूक निघाली, त्याने त्यांच्या गणिती नावाला धक्का बसला होता, हेही खरं आहे. म्हणून सांगतो, बंडखोर दिसला की तो बरोबरच असणार, असंही धरून चालू नका. कोसंबींची सिद्धता चुकली ती गणिताने चुकली, त्यांच्या डाव्या विचारांमुळे नव्हे. आणि सूर्याच्या उर्जेबद्दलचं त्यांचं म्हणणं तपासायचं तर तेही त्याच तराजूत.

पुन्हा रायपूरला येऊ. १९८७ मध्ये इथे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय वेगळं झालं आणि धानाचा तो साठा इथे नांदू लागला. आज त्यात २३ हजारांच्या आसपास नमुने आहेत. १९९६ मध्ये रिछारिया गेले. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये रायपूरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, की विद्यापीठ स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीशी करार करतं आहे. विद्यापीठाकडचं वाण कंपनीला अभ्यासायला मिळणार, तयार होणाऱ्या जाती कंपनी विकणार, विद्यापीठाला मोबदला मिळणार. कागदावर हा संशोधनाचा साधा करार होता. पण गावांतून प्रश्न आला: पुड्या विद्यापीठाच्या असतील, त्यातलं धान कोणाचं? शेतकरी, कामगार संघटना, विद्यार्थी, लेखक रस्त्यावर उतरले. डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की 'ही फक्त वैज्ञानिक बाब आहे' हे वाक्य कधी कधी दाराला लावलेलं कुलूप असतं.

हा प्रश्न आपल्या चंद्रपूरलाही पडला आहे. नांदेड फकिरीच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानात तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या, जपल्या, वाढवल्या. त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. दीड एकराचा धनी! पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या शुद्ध केलेल्या रूपाला पीकेव्ही एचएमटी म्हणून मान्यता दिली, आणि श्रेय कोणाचं यावरून वाद झाला. आज रायपूरच्या दुकानात एचएमटीची पोती थप्पीने लागलेली असतात. २०१८ मध्ये दादाजी गेले तेव्हा उपचाराच्या पैशाची भ्रांत होती.

आता माझी गोष्ट. मी कोणी शास्त्रज्ञ नाही. पण इथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं केमिस्ट होतो. खनिजातलं लोखंड मोजायचं, कोळशातली राख मोजायची, आणि महिन्याच्या कागदावर सही करायची. त्या कागदात चिमणीतून निघणाऱ्या धुळीचाही एक रकाना असे. धूळ पकडणारं यंत्र रात्री बंद ठेवलं की वीज वाचते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वरून निरोप यायचा, मागच्या महिन्याचाच आकडा टाका. मी टाकायचो. एका कार्तिकात शेजारच्या गावचा एक शेतकरी फाटकाशी आला. रुमालात धानाच्या लोंब्या, काळपट. म्हणाला, साहेब, हे काय बसलंय ते मोजून कागदावर लिहून द्या. मी म्हटलं, "दादा, मी यात पडत नाही. मी आपला तटस्थ माणूस." त्याने वाद घातला नाही. रुमालाची गाठ मारली आणि गेला.

मंडळी, मी तेव्हा तटस्थ नव्हतो. माझी सही आधीच एका बाजूच्या कागदावर होती. त्यानंतर मी जुना आकडा उतरवणं बंद केलं. तीन महिन्यांत माझी बदली भांडार विभागात झाली. तिथे पोती मोजली, मग नोकरी सोडली. यात शौर्य काही नाही. तो शेतकरी रिकाम्या हाताने गेला, तो गेलाच.

म्हणून भाच्याला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दुरुस्त करून दिलं. म्हटलं, तटस्थता या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, प्रयोगशाळेत कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. ही हवीच. दुसरी, आकडा कोणासाठी बदलायचा नाही. सरकारसाठी नाही, कंपनीसाठी नाही, आपल्या आवडत्या चळवळीसाठीही नाही. ही तर पाहिजेच पाहिजे. आणि तिसरी, आकडा कळल्यावर गप्प बसायचं. ही तिसरी पहिलीचे कपडे घालून येते, आणि आपण तिला नमस्कार करतो. रिछारियांनी पहिल्या दोन पाळल्या, तिसरी नाकारली. तेवढ्यासाठी खुर्ची गेली.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडे एका प्रयोगशाळेला त्यांचंच नाव आहे. रोज पाटीखालून जातो. कोण ते माहीत नव्हतं."

आता माहीत झालं. पाटी लावणं सोपं असतं, माणूस हयात असताना त्याचं ऐकणं अवघड. तुमच्या गावच्या एखाद्या संस्थेच्या दारावर असं नाव असेल, तर घरी गेल्यावर विचारा, की या माणसाला जिवंतपणी आपण कसं वागवलं होतं?

पुढच्या भागात भेटू. भट्टीची घरघर तेव्हाही असेल, सांभाळून घ्या. नमस्कार.